करंगळीला झेपेल अशी कॉन्सर्टिना: स्वरमांडणीपासून घडवून घेतलेल्या वाद्याचा अनुभव

वाद्य हातात येऊन आता सात महिने झाले. घाईने लिहायचं नव्हतं, कारण नव्या वाद्याच्या पहिल्या महिन्यात सगळंच गोड वाटतं. आता त्याच्या खोडी कळल्या आहेत, बोटं बसली आहेत, म्हणून लिहिते.

आधी माझी गरज सांगते, नाहीतर पुढचं कशासाठी केलं ते कळणार नाही. कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरून भाता दाबत-ओढत वाजवायचं छोटं बटणवाद्य. मी बरीच वर्षं त्यातली वीस बटणांची सी-जी अँग्लो, म्हणजे एक ओळ सीच्या सप्तकाची आणि एक जीच्या, वाजवत होते. मध्यंतरी डाव्या करंगळीची शीर तुटली. ती शिवली, जखम भरली, पण बोट पहिल्यासारखं झालं नाही. ते बटण दाबतं, दाबून धरतं, पळत मात्र नाही. त्यात माझा गळा एफमध्ये बसतो. स्वतः वाजवत गायचं तर सूर एफचा हवा, आणि त्याला लागणारा बी फ्लॅट वीस बटणांच्या सी-जीवर नसतोच. म्हणजे इतकी वर्षं मी वाद्याच्या सोयीने गात होते.

ज्यांनी अँग्लो हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेटीत एक पट्टी दाबली की एकच सूर येतो, भाता कसाही हलो. अँग्लोत तसं नाही. एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. डाव्या हाताच्या सीच्या ओळीत पाच बटणं असतात. दाबताना त्यांतून करंगळीकडून सी, जी, सी, ई, जी येतात आणि ओढताना जी, बी, डी, एफ, ए. त्यामुळे सीची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, दाबीत आपोआप मिळते, जीची ओढीत. 1834 साली केमनिट्झच्या कार्ल फ्रीडरिश ऊलिगने हे दोन दिशांचं वाद्य काढलं, त्याच्याच कुळातली ही मांडणी. साध्या चालींना ती इतकी अचूक बसते की बोटं स्वतःहून वाट काढतात. पण सी आणि जी या दोन सुरांच्या सप्तकांबाहेर पाऊल टाकलं की प्रत्येक सुराला आधी विचारावं लागतं, तू कुठल्या दिशेला राहतोस?

तीस बटणांच्या अँग्लोत वर आणखी एक ओळ येते आणि बी फ्लॅट मिळतो. मला वाटलं, झालं काम. तीस बटणांची घ्यायची आणि खालचा सी तेवढा करंगळीकडून अंगठ्याकडे न्यायचा. मागणीप्रमाणे कॉन्सर्टिना घडवून देणाऱ्या कारागिराला पहिलं पत्र लिहिलं त्यात एवढंच होतं. उत्तरात त्यांनी माझ्या हाताची मापं मागितली नाहीत. तीन गाणी मागितली. जी मी खरोखर रोज वाजवते किंवा वाजवू इच्छिते अशी, आणि प्रत्येक सुराखाली भाता दाबायचा की ओढायचा याचा बाण काढून.

त्या बाणांनी माझे डोळे उघडले. तिन्ही गाणी एफमध्ये लिहिली आणि नेहमीच्या तीस बटणांच्या मांडणीवर बाण काढत गेले, तर कागद ओढीच्या बाणांनी भरून गेला. कारण असं आहे. त्या मांडणीत एफ दाबीत नाहीच, कुठल्याच सप्तकात नाही. बी फ्लॅटही ओढीतच. त्यामुळे एफची कॉर्ड ओढीत, बी फ्लॅटची ओढीत, डी मायनर ओढीत, जी मायनरही ओढीत. माझ्या गाण्यांतल्या कॉर्डपैकी दाबीत उरते एकटी सीची. गाण्यात सी येईपर्यंत भाता उघडतच जाणार, आणि सहा घड्यांचा भाता काही अंगणाएवढा उघडत नाही. दुसऱ्या ओळीच्या मध्येच उजव्या अंगठ्याने हवेचं बटण दाबून भाता मिटावा लागणार, म्हणजे गाणं तिथेच तुटणार. मी सूर मोजत होते, कारागिराने मला श्वास मोजायला लावला.

त्यांनी हेही सरळ विचारलं की मग अँग्लोच का. रास्त प्रश्न होता. इंग्लिश कॉन्सर्टिनात दोन्ही दिशांना एकच सूर असतो. चार्ल्स व्हीटस्टनच्या 1829 च्या पेटंटातून आलेली ती मांडणी मोठी हुशारीची आहे. स्वरलिपीच्या रेषांवरचे सूर डाव्या हाताला, रेषांमधल्या जागांतले उजव्या हाताला, म्हणजे सरळ सप्तक वाजवताना हात आळीपाळीने चालतात. पण मला डाव्या हाताने साथ आणि उजव्याने चाल असं वाजवायचं असतं, तिथे ती मला जुळत नाही. मग ड्युएट, म्हणजे डाव्या हाताला खालचे आणि उजव्याला वरचे सूर देणारी कॉन्सर्टिना, त्यातही विकी-हेडन मांडणी. कास्पर विकीने 1896 मध्ये पेटंट घेतलेली ही रचना पुढे ब्रायन हेडन यांना स्वतंत्रपणे सुचली. एका ओळीत शेजारी-शेजारी पूर्ण स्वरांचं अंतर, तिरकं वर डावीकडे चौथा, तिरकं वर उजवीकडे पाचवा, आणि दोन ओळी सरळ वर गेलं की तोच सूर वरच्या सप्तकात. एक बोटबांधणी शिकली की कुठलाही सूर धरा, बोटं तीच. कागदावर पाहताना मन लागलं होतं. पण माझे हात दाबीओढीच्या झोक्यावर वाढले आहेत. भाता उलटताना सुराला जो ठसका येतो तो मला सोडायचा नव्हता. हे मी लिहून पाठवलं आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आता त्यांच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग. वाद्य बांधायला घेण्याआधी ते एक मुकी कॉन्सर्टिना पाठवतात. म्हणजे प्लायवूडचे दोन षटकोन, समोरासमोरच्या बाजूंमध्ये सव्वासहा इंच अंतर, त्यावर खरा हातपट्टा आणि खरी हँडरेल, म्हणजे तळहात टेकतो ती पट्टी, आणि छिद्रांतून वर आलेल्या लाकडी काड्या, खाली मऊ नमद्याचा थर. दाबलं की काडी जराशी आत जाते, आवाज काहीच नाही. प्रत्येक काडीशेजारी दोन गोल कागदी टिकल्या चिकटवायच्या, दाबीच्या सुराची लाल आणि ओढीच्या सुराची निळी. मग रोज अर्धा तास त्यावर गाणी म्हणायची. सूर गळ्यातून, बोटं काड्यांवर, हात हवेतच आतबाहेर.

इथे एक चूक झाली आणि ती त्यांच्याकडून झाली. टिकल्या कुठे लावायच्या याचा जो नकाशा आला तो आतल्या बाजूने काढलेला होता. कारागीर वाद्य उघडून आतून पाहतो, त्यामुळे त्याला जे डावीकडे दिसतं ते वाजवणाऱ्याला उजवीकडे असतं. नकाशावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी चार दिवस आरशातली मांडणी घोटली. पाचव्या दिवशी खालचा जी तर्जनीखाली यायला लागला तेव्हा शंका आली. त्यांनी लगेच माफी मागितली, नवा नकाशा पाठवला, पण बोटांत बसलेलं चार दिवसांचं उलटं वळण काढायला आठवडा गेला. तुम्ही कुठल्याही कारागिराकडून मांडणी ठरवून घेणार असाल तर पहिल्या कागदावरच विचारून घ्या, हा नकाशा आतून पाहिलेला आहे की बाहेरून.

तीन आठवड्यांनी त्यांनी माझं मत विचारलं नाही. मुक्या वाद्याचे जवळून काढलेले फोटो मागितले. मला वाटलं, काड्या वाकल्यात का ते पाहायचं असेल. त्यांना टिकल्या पाहायच्या होत्या. सतत दाबल्या जाणाऱ्या काड्यांशेजारच्या टिकल्या बोट घासून मळकट झाल्या होत्या, दोन-तीनवरची अक्षरं पुसली होती, एकीची कड उचलून वळली होती. आणि काही टिकल्या कोऱ्या करकरीत, चिकटवल्या तशाच. उजव्या हाताच्या वरच्या ओळीबद्दल माझा जो हट्ट होता तो या फोटोंनी मोडला.

हट्ट सी शार्पचा होता. तीस बटणांच्या अँग्लोत वरच्या ओळीच्या दोन मांडण्या चालत आल्या आहेत, एक व्हीटस्टन आणि दुसरी जेफ्रीज. दोन्हींतला सगळ्यात चर्चेचा फरक उजव्या हाताच्या पहिल्या दोन बटणांत आहे. व्हीटस्टनमध्ये सी शार्प फक्त दाबीत, आणि शेजारच्या बटणावर दाबीत ए, ओढीत जी. जेफ्रीजमध्ये तो सी शार्प दोन्ही दिशांना मिळतो, पण दाबीतला तो ए जातो. डीमध्ये वाजवणारे जेफ्रीजचं कौतुक करतात आणि त्यांचं बरोबरच आहे. ते ऐकून ऐकून मलाही तीच हवी होती. मी एक पाटी जेफ्रीजची आणि एक व्हीटस्टनची अशा दोन्ही मागवून घेतल्या, दहा-दहा दिवस वापरल्या. जेफ्रीजच्या पाटीवर दोन्ही सी शार्पच्या टिकल्या कोऱ्या राहिल्या. व्हीटस्टनच्या पाटीवर दाबीतल्या एची लाल टिकली जवळजवळ गुलाबी झाली होती. एफच्या गाण्यांत ए सारखा लागतो, आणि भाता मिटत असताना तो मिळाला तर सोन्याहून पिवळं. मी व्हीटस्टन ठेवली. दुसऱ्याच्या हाताला जे हवं ते मी माझ्या वाद्यात घालून घेणार होते.

आता ज्या बटणासाठी मी या कारागिराचं नाव सगळ्यांना सांगत फिरते ते बटण. मधल्या, म्हणजे सीच्या ओळीतलं डावीकडचं पहिलं, करंगळीचं. तिथे नेहमी दाबीत खालचा सी आणि ओढीत खालचा जी असतो. ही जोडी जशीच्या तशी उचलून डाव्या अंगठ्याला दिली, कारण डावा अंगठा पट्ट्याबाहेर रिकामाच असतो. मग करंगळीची जागा मोकळी झाली. तिथे मी बरेच सूर सुचवले होते, सगळे कुठे ना कुठे अडत होते. त्यांनी सुचवलं, दाबीत मधल्या सीच्या वरचा एफ आणि ओढीत मधला सी.

लक्षात यायला मला एक संध्याकाळ लागली. नेहमीच्या मांडणीत डाव्या हाताला मधला सी ओढीत नाही आणि एफ दाबीत नाही. हे दोन हरवलेले सूर एकाच बटणात आले. ओढीत करंगळीखाली सी, मधलं बोट जीच्या ओळीतल्या एवर, तर्जनी एफवर, झाली एफची कॉर्ड. भाता उलटला की करंगळीखाली आता एफ आहे, मधलं बोट सीवर, तर्जनी वरच्या ओळीतल्या एवर, पुन्हा एफचीच कॉर्ड. करंगळी जागची हललेली नाही. माझ्या करंगळीला जे जमतं तेवढंच, दाबून धरणं, तेवढंच काम तिला दिलं आहे आणि त्यावर सगळं गाणं उभं राहतं. कागदावर बाण पुन्हा काढले. आता दाब आणि ओढ जवळपास समसमान होती आणि हवेचं बटण एकदाही लागत नव्हतं. त्या कागदाकडे बघत मी बराच वेळ बसले होते.

सगळ्या मागण्या त्यांनी मान्य केल्या असं नाही, आणि त्यांच्या नकारांतून मी जास्त शिकले. वरच्या ओळीतलं पहिलं बटण, दाबीत खालचा ई आणि ओढीत खालचा एफ, मला करंगळीकडून अनामिकेकडे सरकवून हवं होतं, म्हणजे करंगळीच्या सीबरोबर खालचा एफही धरता आला असता. त्यांनी रीडच्या, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पातींच्या, फळीचं चित्र काढून पाठवलं. कॉन्सर्टिनात प्रत्येक बटणामागे एक कप्पा असतो आणि त्यात दोन रीड, एक दाबीची आणि एक ओढीची, एक फळीच्या वरच्या अंगाला, दुसरी खालच्या. कप्पे मध्यापासून कडेकडे किरणांसारखे पसरलेले. खालच्या सुराची रीड लांब, म्हणून कप्पाही लांब. अंगठ्याच्या सी-जीला आधीच एक लांब कप्पा दिला होता. त्याच्याजवळ दुसरा लांब कप्पा आणला असता तर शेजारच्यांची रुंदी गेली असती आणि दोन लिव्हर, म्हणजे बटण दाबलं की कप्प्याचं झाकण (पॅड) उचलणाऱ्या दांड्या, एकमेकांवरून गेले असते. खालचा एफ आणि करंगळीचा सी मला एकत्र मिळत नाहीत, ही उणीव आहे आणि काही गाण्यांत ती जाणवते.

दुसरा नकारही त्याच कप्प्यांमुळे. एका बटणात मला खूप खालचा आणि खूप वरचा सूर अशी जोडी हवी होती. कप्प्याची लांबी मोठ्या रीडप्रमाणे ठरते, त्यात वरच्या सुराची चिमुकली रीड बसवली तर ती उशिरा बोलायला लागते, हळू वाजवताना तर दबकत बोलते. म्हणून जोडीतले दोन सूर एकमेकांपासून फार लांब नसावेत. एफ आणि सीची माझी जोडी त्यामुळेही चांगली, चौथ्याचंच अंतर आहे.

सुरावटीबद्दल, म्हणजे सूर एकमेकांपासून किती अंतरावर लावायचे याबद्दलही बोलणं झालं. जुन्या इंग्लिश कॉन्सर्टिनात जी शार्प आणि ए फ्लॅट यांना वेगळी बटणं असण्याचं कारण त्यांची मीनटोन, म्हणजे तिसरे सूर गोड ठेवणारी जुनी सुरावट. तिच्या पाव-कॉमा प्रकारात या दोन सुरांत 41 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो, आणि मोठा तिसरा, म्हणजे सी ते ई एवढं अंतर, 386 सेंटांवर येतो, सगळे अर्धे स्वर सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या आजच्या समान सुरावटीत तो 400 वर असतो. तो गोड तिसरा मला खुणावत होता. पण मी इतरांबरोबरही वाजवते, म्हणून समान सुरावटच ठेवली, ए 440 हर्ट्झवर.

वाद्य आलं ते ठरलेल्या वेळेपेक्षा पाच महिने उशिरा. दोनदा मीच विचारलं तेव्हा कळवलं गेलं, आपणहून नाही. मांडणी ठरवताना जे माणूस दर आठवड्याला लिहीत होतं ते बांधणी सुरू झाल्यावर गप्प झालं, याचं मला वाईट वाटलं. हातांना काम असताना लिहायला वेळ नसतो हे समजतं, पण दोन ओळी पुरल्या असत्या.

पेटी उघडली आणि राग विरला. एकतीस बटणं, बासष्ट रीड्स, पितळी चौकटीत पोलादी पाती. बटणांची खोली मुक्या वाद्याइतकीच, म्हणून पहिल्याच दिवशी बोटं चुकली नाहीत. मधल्या सप्तकात आवाज भरीव आणि स्वच्छ आहे, वरच्या टोकाला थोडा टोचरा. करंगळीच्या बटणाची स्प्रिंग मुद्दाम हलकी ठेवली आहे, मी सांगितलं नव्हतं.

एक दोष निघाला. अंगठ्याचं बटण जड होतं. लिव्हर हँडरेलखालून वळवून नेल्यामुळे लांबला होता, पॅडही मोठा, आणि पॅड नीट उघडायच्या आत भाता दाबला की खालचा सी अर्धा श्वास मागे राहायचा. वॉल्ट्झच्या पहिल्या ठोक्यावर हे खपत नाही. मी डावी बाजू परत पाठवली. त्यांनी लिव्हरचा टेकू थोडा सरकवला, स्प्रिंग बदलली, वरखर्च मागितला नाही. आता सी वेळेवर बोलतो, जोरात दाबला तर अजून किंचित मागे राहतो. खालच्या रीडचा तो स्वभावच असावा असं मी धरून चालते आणि भात्याला आधी हलकासा ताण देते.

कुणी जावं त्यांच्याकडे? पहिलीच कॉन्सर्टिना घेत असाल तर नको. नेहमीची मांडणी वर्ष-दोन वर्षं वाजवल्याशिवाय आपल्या हाताला काय खुपतं ते कळत नाही. शिवाय आपली खास मांडणी घेतली की दुसऱ्याची कॉन्सर्टिना हातात आली तर करंगळी चुकते, माझी चुकतेच. छापलेल्या बोटबांधणीचा उपयोगही अर्धा होतो, प्रत्येक गाण्याचे बाण पुन्हा काढावे लागतात. पण एखादं बोट, एखादा गळा, एखादी वाजवण्याची पद्धत नेहमीच्या मांडणीत बसत नसेल, तर मुकं वाद्य पाठवून टिकल्या वाचणारा हा माणूस मला सापडला याचं मला फार समाधान आहे.

जाताना तीन गाणी बाणांसकट लिहून न्या. कुठल्या बटणावर काय हवं ते लिहू नका. मी तेच लिहीत गेले, आणि माझ्या मागण्यांपैकी वाद्यात एकच उरली, अंगठ्याचा सी.

मुक्या कॉन्सर्टिनाच्या पाट्या त्यांनी परत मागितल्या, पुढच्या माणसासाठी. टिकल्या मात्र काढू नका म्हणाले.